उद्या कोणता गड?

शनिवार, रात्र. आकुर्डी

आषाढ लागलाय. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी येते ती एका दिवसाची, त्यामुळे गड निवडताना मी उंचीआधी परतीची गाडी बघतो. लोणावळ्याच्या लोकल काही मुंबईसारख्या मिनिटामिनिटाला नसतात.

मळवलीला उतरलं की लोहगड आणि विसापूर दोन्ही जवळ. विसापूर उंच, पठारही ऐसपैस. पण पावसात भाजेकडच्या पायऱ्यांवरून पाणीच खाली धावतं आणि माथ्यावर धुक्यात वाट सुधरत नाही. तो हिवाळ्यासाठी राखलेला बरा. तिकोना खूप मनात आहे. मात्र कामशेतहून पुढची गाडी मिळण्यावर अख्खा दिवस टांगावा लागतो. वेळ अगदीच कमी असता तर घोरावाडीला उतरून घोराडेश्वर केला असता. लेणी, महादेव आणि दुपारी जेवायला घरी. त्याला कुणी कमी लेखू नये.

उद्या सोबत लहान पुतणी आहे, म्हणून लोहगडच. बांधीव पायऱ्या, गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी चढती ओळख. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत लोहगड आला, तेव्हा घरातल्या माणसाचा सत्कार झाल्यासारखं वाटलं होतं. उतरताना भाजे लेणी दाखवीन. दोन हजार वर्षांपूर्वी कातळात घडवलेलं चैत्यगृह, तेही लाकडी बांधणीच्या वळणाचं! तिथे घाई करायची नाही.

वाऱ्यापावसात लोहगडाच्या विंचूकाटा या माचीवर जायचं नाही, हे मात्र तिला आत्ताच सांगून ठेवलंय.