साहेब, गैरमुल्की, कोयता

स्थलांतराचा आपला अभ्यास बहुधा लोकसंख्या आणि अर्थव्यवहार यांच्या अंगाने होतो. येणाऱ्याला आणि जाणाऱ्याला भाषा कोणते नाव देते, याकडे त्या मानाने कमी लक्ष जाते. एकेकाळी निजामाच्या राज्यात असलेल्या हिंगोली परिसरात अध्यापन करताना हा प्रश्न मला वारंवार भेटत आला आहे.

१९व्या शतकात हिंगोलीस हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. समुद्र ओलांडून आलेला तिचा इंग्रज अधिकारी आमच्या भाषेत कधीही ‘स्थलांतरित’ झाला नाही. तो ‘साहेब’ झाला. (‘साहेब’ या मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘सोबती’, ही गंमत येथे नोंदवून ठेवावी.) त्याच राज्यात उत्तर हिंदुस्थानातून किंवा मद्रासकडून नोकरीसाठी आलेला माणूस मात्र ‘गैरमुल्की’ ठरे. हा भेद नोकरभरतीच्या नियमांत मुरला आणि १९५२ साली त्यावरून हैदराबादेत उग्र आंदोलन झाले. आजच्या विद्यार्थ्याला तो शब्द समजावून सांगावा लागतो. पण त्याची जागा रिकामी राहिलेली नाही. तेथे ‘परप्रांतीय’ आहे. १९५०च्या राज्यघटनेने ‘प्रांत’ जाऊन ‘राज्ये’ आली, तरी इंग्रजी अमदानीतील ती सीमा या शब्दात अद्याप उभी आहे. चाकणच्या मोटार कारखान्यात जर्मनीहून येणारा अभियंता ‘परदेशी तज्ज्ञ’, हल्ली ‘एक्स्पॅट’. तेथेच बांधकामावर राबणारा बिहारी मजूर ‘परप्रांतीय’. अधिक दुरून कोण आले, हे सांगावयास नको.

याहून कठोर शब्द मात्र आमच्या घरचाच आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील वाड्या-तांड्यांवरून जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मुकादम उचल देतो ती माणसांना नव्हे, ‘कोयत्या’ला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. टोळीत माणसे किती, असे कोणी विचारीत नाही. कोयते किती, असे विचारतात. काव्यशास्त्राच्या तासाला लक्षणेसाठी ‘गंगेवर गवळीवाडा’ हे परंपरागत उदाहरण देताना मला हा कोयता आठवतो. तेथे लक्षणा गंगेचा काठ दाखविते. येथे हातात हत्यार धरणारा माणूसच दिसेनासा होतो, आणि त्यातही बाई आधी.

बी.ए.च्या वर्गातील एका विद्यार्थिनीने माहितीपत्रकात वडिलांच्या व्यवसायापुढे ‘शेती’ आणि आईच्या व्यवसायापुढे ‘गृहिणी’ असे लिहिले होते. घरी शेती नव्हती, आणि त्या दिवसांत आई सांगलीकडे उसाच्या फडात होती. मी सहज विचारले, तेव्हा ती कागदावरची नजर न काढता म्हणाली, “मंग काय, कोयता लिहू का सर?”