रीस्टार्ट करण्याआधी

लॅपटॉपचा हॉटस्पॉट बिघडला की माणसं दोनच वाक्यं घेऊन दुकानात येतात. एक, ‘नेट चालत नाही.’ दुसरं, ‘काल चालत होतं.’ पहिल्यातून काही कळत नाही. दुसरं मात्र फार कामाचं असतं. कालपासून आजपर्यंत काय बदललं, या प्रश्नापासूनच माझा तपास सुरू होतो. ‘काहीच नाही हो, दादा’ हे उत्तर मी शांतपणे ऐकून घेतो आणि रात्री कुठलं अपडेट येऊन गेलंय ते बघायला लागतो.

कराडच्या विद्यानगर भागात शिकायला आलेली पोरं भरपूर. रूमवर नेटची एक केबल, राहणारे तिघं-चौघं, आणि त्यांतला एक जण लॅपटॉपवाला. केबलमधून आलेलं नेट त्याचा लॅपटॉप सगळ्यांना वाटतो. २०१६मध्ये विंडोज १०च्या अ‍ॅनिव्हर्सरी अपडेटनं सेटिंगमध्ये ‘मोबाइल हॉटस्पॉट’चं बटण दिलं आणि हे कुणालाही जमायला लागलं. त्याआधी विंडोज ७वर काळ्या खिडकीत ‘नेटएसएच’ची लांबलचक कमांड टाकावी लागे. ती तोंडपाठ असलेल्या पोराला हॉस्टेलमध्ये भाव असायचा.

बटण दाबल्यावर आत काय चालतं, हे माहीत असलं की निम्मा तपास झालाच. लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड स्वतःचं एक नाव हवेत सोडतं. जो फोन जोडला जाईल त्याला लॅपटॉप एक आयपी पत्ता देतो. विंडोजमध्ये लॅपटॉप स्वतःसाठी बहुधा १९२.१६८.१३७.१ ठेवतो आणि बाकीच्यांना त्याच ओळीतले पुढचे आकडे देतो. मग सगळ्यांची ये-जा तो स्वतःच्या एकाच पत्त्यावरून चालवतो. जुन्या वाड्यात साऱ्या बिऱ्हाडांची पत्रं मालकाच्या नावानं यायची आणि तो ती ज्याची त्याला पोचवायचा, तसंच हे.

म्हणून ‘नेट चालत नाही’ हे एक दुखणं नसतं. ते पाच ठिकाणी असू शकतं, आणि मी ती पाच ठिकाणं क्रमानंच बघतो. पण त्याआधी खुद्द लॅपटॉपवर एखादी साइट उघडून पाहतो. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? कितीदा तरी केबलवाल्याच्या लॉगिनची मुदत संपलेली असते आणि दोष हॉटस्पॉटला मिळतो.

पहिलं ठिकाण, फोनला नाव दिसतं का. दिसत नसेल तर बऱ्याचदा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर चाललेला असतो आणि समोरचा जुना फोन किंवा प्रिंटर फक्त २.४ ओळखतो. सेटिंगमध्ये बँड बदलला की नाव दिसायला लागतं. याच टप्प्यावर एक मजेशीर अडचण मी पोरांना आवडीनं समजावून सांगतो. नेटवर्कच्या नावाला जागा मिळते ३२ बाइटची. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि काना, वेलांटी, जोडाक्षरातला पायमोड हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘गणपती बाप्पा’ एवढंच लिहिलं तरी ३४ बाइट होतात. बाप्पा काही मावत नाही.

दुसरं ठिकाण पासवर्डचं. आकडे बरोबर असूनही फोन आत जात नसेल, तर त्याच्या आठवणीत त्याच नावाचा जुना पासवर्ड बसलेला असतो. नेटवर्क ‘फरगेट’ करून पुन्हा जोडायचं. नव्या विंडोजमध्ये सुरक्षेचा प्रकार नुसता डब्ल्यूपीए३ ठेवला असेल, तरी जुना फोन दारातच अडतो.

तिसरं ठिकाण मला सगळ्यात जास्त सांगून जातं. फोन ‘कनेक्टेड’ म्हणतो, पण पुढं काही हलत नाही. अशा वेळी मी दुकानातला जुना लॅपटॉप त्या हॉटस्पॉटला जोडतो. हे मशीन चांगलं आहे याची मला खात्री आहे, म्हणून त्याची साक्ष मी मानतो. त्यावर ‘आयपीकॉन्फिग’ टाकलं आणि पत्ता १६९.२५४नं सुरू झाला, तर समजायचं की मागूनही कुणी पत्ता दिला नाही, म्हणून बिचाऱ्यानं स्वतःच एक घेतला. मग मी नेट वाटणारी सर्व्हिस चालू आहे का बघतो आणि नव्यानं टाकलेल्या अँटिव्हायरसच्या फायरवॉलकडे वळतो.

पत्ता नीट असेल तर चौथं ठिकाण, बाहेरची वाट. ८.८.८.८ला पिंग करायचं. उत्तर आलं नाही तर लॅपटॉप नेट भलत्याच जोडणीतून वाटतोय का, किंवा कुणी व्हीपीएन चालू ठेवलाय का, हे बघायचं. आणि पिंग जातंय पण साइट उघडत नाही, तर पाचवं ठिकाण, डीएनएस. एकाच फोनची तक्रार असेल तर त्याच्या ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये मी आधी डोकावतो, कुणीतरी जाहिराती बंद करायला तिथं एक नाव टाकलेलं असतं आणि या नेटवर्कवर ते चालत नसतं.

एवढं सगळं करायला वेळ लागतो, आणि समोरच्याला घाई असते. सबमिशन उद्या असतं. ‘दादा, रीस्टार्ट मारू का?’ असं विचारत त्याचं बोट बटणाकडे गेलेलं असतं. मी म्हणतो, थांब. रीस्टार्टनं पुष्कळदा चालू होतं, यात वाद नाही. पण चालू होताना पुरावा पुसला जातो. झोपेतून उठताना वाय-फाय कार्ड नीट जागं झालं नव्हतं, की ड्रायव्हर अडकला होता, की पत्ता मिळत नव्हता, हे मग कधीच कळत नाही. चार दिवसांनी तोच लॅपटॉप तीच तक्रार घेऊन परत येतो आणि आपण पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

त्यातही ‘बंद करून चालू केला’ आणि ‘रीस्टार्ट केला’ ही एकच गोष्ट नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज ‘शट डाउन’ करताना स्वतःचा गाभा डिस्कवर जपून ठेवते आणि सकाळी तोच परत उचलते. अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच उठतो. कोरी सुरुवात हवी तर ‘रीस्टार्ट’च लागतो. तो करायचाच, पण पाच ठिकाणं बघून झाल्यावर.

दुसरा माझा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ड्रायव्हर टाकला, फायरवॉल बंद केली, बँडही बदलला आणि नेट आलं, तर कशानं आलं? शिवाय फायरवॉल उगाच बंद राहिली ती राहिलीच. घाईनं निदान केलं की खिशालाही भुर्दंड बसतो. ‘नेटएसएच’नं ड्रायव्हरची माहिती काढली की नव्या लॅपटॉपवर ‘होस्टेड नेटवर्क सपोर्टेड’समोर पुष्कळदा ‘नो’ दिसतं. तेवढ्यावरून कार्ड निकामी ठरवून लोक बाहेरून डोंगल आणतात. ती ओळ जुन्या पद्धतीबद्दल असते. सेटिंगमधला हॉटस्पॉट वाय-फाय डायरेक्टवर चालतो.

आणि कधी कधी या कशाचीच गरज पडत नाही, नुसतं विचारावं लागतं. एका पोराची तक्रार होती की रोज मेसला जाऊन आलं की हॉटस्पॉट बंद झालेला असतो. त्याचा संशय शेजारच्या रूमवर होता. मी विचारलं, जेवायला कोण कोण जातं? सगळेच. फोन? फोन खिशात. झालं, उत्तर मिळालं. एकही उपकरण जोडलेलं नसेल तर वीज वाचवायला विंडोज काही मिनिटांत हॉटस्पॉट आपोआप बंद करते. हॉटस्पॉटच्या सेटिंगमधलं पॉवर सेव्हिंगचं बटण बंद केलं आणि शेजाऱ्यांशी होऊ घातलेलं भांडण मिटलं.

अशा कामाचे पैसे सांगताना मात्र जीभ अडखळते. स्क्रू फिरला नाही, पार्ट बदलला नाही. ‘एक बटणच तर दाबलं’ हे समोरच्याच्या चेहऱ्यावर वाचता येतं. म्हणून हल्ली मी चिठ्ठी देतो. काय बिघडलं होतं, कुठलं सेटिंग बदललं आणि ते पूर्ववत कसं करायचं, असं तीन ओळींत लिहून. खालच्या कोऱ्या जागेत ती पाच ठिकाणंही क्रमानं असतात. यानं गिऱ्हाईक तुटेल, असं बाजूचा दुकानदार सांगतो. तुटत नाही. उलट एखादा पुढच्या वेळी ‘दादा, नाव दिसतंय, पासवर्ड घेतोय, पण पत्ता १६९चा येतोय’ असं म्हणत येतो. त्याच्याकडून मी निम्मेच पैसे घेतो. निम्मं काम तो करूनच आलेला असतो.