मूठभर चणे

वसईतील आमच्या आळीत मे महिन्याचे आगमन दिनदर्शिकेआधी चुन्याच्या वासाने कळत असे. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मिस्सा आटोपली की तरुण मंडळी चुन्याची बादली आणि कुंचे घेऊन क्रूसाच्या चौथऱ्याभोवती जमत. आम्ही मुले रंगीत कागदाच्या पताका कापून त्या खळीने सुतळीला चिकटवीत असू. खळ सुतळीपेक्षा आमच्या केसांनाच अधिक लागे. मग सारी सेना बावखलात उतरून स्वच्छ होई. पहाटे दादरच्या फूलबाजाराकडे निघणाऱ्या मोगऱ्याच्या टोपल्यांतून एक ओंजळ त्या महिन्यात क्रूसासाठी मागे राहत असे. त्या ओंजळीचा भाव कोणी विचारला नाही.

पूर्वी ३ मे रोजी पवित्र क्रूस सापडल्याचा सण पाळला जाई. १९६० साली तो रोमन दिनदर्शिकेतून वगळण्यात आला. परंतु आमच्या आळीने मे महिन्यात क्रूस सजवण्याची आपली रीत सोडली नाही. हा महिना पवित्र मरियेचा. तेव्हा १ मेपासून ३१ मेपर्यंत रोज दिवेलागणीला साऱ्या आळीने क्रूसाजवळ बसून रोझरी म्हणायची, असा शिरस्ता होता. घरे सत्तावीस आणि दिवस एकतीस. एकेका घराने एकेक दिवस घ्यायचा आणि उरलेले चार दिवस सर्वांनी मिळून साजरे करायचे. ज्या घराचा दिवस असेल त्या घराने चौथरा झाडायचा, चटया अंथरायच्या, गॅसबत्ती पेटवायची आणि प्रार्थनेनंतर उकडलेले चणे वाटायचे. केळीच्या पानाच्या तुकड्यावर मूठभर चणे, त्यांत खोबऱ्याचे चार काप. एवढाच त्या सोहळ्याचा खर्च.

चण्यांऐवजी दुसरे काही वाटायचे नाही, असा आळीचा अलिखित नियम होता. एका वर्षी एका घरातील मुलगा कुवेतला नोकरीस लागला. आनंदाच्या भरात त्या घराने आपल्या दिवशी जिलेबी वाटली. आम्ही मुलांनी बोटे चाटूनपुसून साफ केली. दुसऱ्या दिवशी आळीतील एका वडीलधाऱ्या सुतारकाकांनी त्या घरच्या कर्त्या पुरुषाला बाजूला घेतले आणि एवढेच म्हटले, “जिलेबी गोड होती हो. पण आज कोणाचा दिवस आहे, ते जरा बघा.” त्या दिवशी आळीच्या टोकाला राहणाऱ्या एका विधवा मावशींचा दिवस होता. दुसऱ्याच्या वाडीत पाणी शिंपून त्या पोट भरीत. त्यांनी आदल्या रात्रीच चणे भिजत घातले होते. पुढच्या वर्षी कुवेतच्या घराने चणेच वाटले. आमच्या आळीत श्रीमंती आणि गरिबी होतीच. परंतु मे महिन्यातील संध्याकाळी ती चण्यांच्या मुठीएवढी होऊन जाई.

दुसरा नियम मला आज अधिक मोलाचा वाटतो. रोझरीची पाच रहस्ये पाच वयांच्या माणसांनी सांगायची. पहिले आळीतील सर्वांत वृद्ध व्यक्तीने, दुसरे एखाद्या गृहिणीने, तिसरे लहान मुलाने, चौथे तरुणाने किंवा तरुणीने आणि पाचवे ज्या घराचा दिवस असेल त्या घरच्या माणसाने. नव्याने आळीत आलेली सून असेल तर पहिल्या मे महिन्यात दुसरे रहस्य तिच्याकडे जाई. तिचा आवाज साऱ्या आळीने ऐकला की ती आळीची झाली, असे मानले जाई.

आठव्या वर्षी तिसरे रहस्य माझ्याकडे आले. सहा वेळा ‘नमो मरिया’ सुरळीत पार पडली आणि सातव्या वेळी, अगदी तोंडपाठ असलेला शब्द, कोण जाणे कुठे गेला! घशाला कोरड पडली. समोर माझे मित्र हसू दाबीत होते. त्या क्षणी सुतारकाकांनी, जणू मी माझा अर्धा भाग पूर्ण म्हटलाच आहे अशा थाटात, मोठ्याने उत्तरार्ध सुरू केला. त्यांच्यामागून साऱ्या आळीने तो उचलला आणि माझी अडखळ त्या शंभर आवाजांत विरून गेली. प्रार्थनेनंतर त्यांनी त्याविषयी अवाक्षरही काढले नाही. फक्त माझ्या पानावर दोन चणे अधिक पडले.

चणे खाऊन झाले तरी मंडळी उठत नसत. म्हातारे आपल्या तरुणपणीच्या लॅटिन प्रार्थना म्हणून दाखवीत आणि त्यांच्या उच्चारांना त्यांचीच नातवंडे हसत. बायका लग्नगीते म्हणत. मुले फादरांच्या प्रवचनाची नक्कल करीत. ती पाहायला एकदोन वेळा स्वतः फादरच हजर होते. तान्ही मुले कोणाच्या मांडीवरून कोणाच्या मांडीवर गेली, याचा हिशेब त्यांच्या आयाही ठेवीत नसत. संत लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहिला, तेव्हा मरिया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले तरी त्यांना काळजी वाटली नाही, असे आपण वाचतो. मुलगा नातलगांत, ओळखीच्यांत कुठे तरी असेलच, असा त्यांचा भरवसा होता. पुष्कळ वाचकांना हे आईबापांचे दुर्लक्ष वाटते. मी मात्र क्रूसाजवळच्या चटईवर वाढलो. त्यामुळे तो भरवसा मला नेहमीच समजत आला.

आता, वाचकहो, मला माझी चूक सांगायची आहे.

पुढे मी मुंबईत बँकेत नोकरीला लागलो. रोजचा विरार लोकलचा प्रवास, घरी यायला आठ वाजत. माझ्यासारखे आणखी बरेच जण होते. क्रूसाजवळची गर्दी विरळ होऊ लागली. मी आळीच्या मंडळाचा चिटणीस होतो आणि कार्यक्षमतेचे वारे माझ्या अंगात शिरले होते. १९९७ साली मी सभेत सूचना मांडली : रोजची रोझरी आता कोणाला जमत नाही, ती फक्त शनिवारी ठेवावी; आणि ३१ मे रोजी, तो शनिवारच होता, सभागृह भाड्याने घेऊन एक भव्य ‘कुटुंब-मेळावा’ भरवावा. वाद्यवृंद, खेळ, बक्षिसे, आचाऱ्याच्या हातचे जेवण. त्यासाठी दर कुटुंबामागे दीडशे रुपये वर्गणी. टाळ्या पडल्या. सुतारकाका तेव्हा हयात नव्हते.

मी हौसेने पास छापून घेतले. त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘एका कुटुंबास एक पास. चौघांना प्रवेश.’ चौघे म्हणजे कोण, हे कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. नवरा, बायको, दोन मुले. हिशेब आपोआप जुळला. आमच्या घरी मी, माझी पत्नी, दोन मुली आणि आई अशी पाच माणसे होती. अधिक पैसे भरून पाचवे माणूस नेता येत होते आणि मी तसे आईला म्हणालोही. ती म्हणाली, “तुम्ही जाऊन या. मी घर सांभाळते.” आमच्या घराला तोवर कधी कुलूप लागले नव्हते. ते सांभाळायचे कशासाठी, हा प्रश्न मला त्या वेळी सुचला नाही.

मेळावा यशस्वी झाला. मुलांना बक्षिसे मिळाली, जेवण पुरले, हिशेबात शिल्लक राहिली. रात्री अकराला घरी आलो तेव्हा आई जागी होती. ओट्यावर एका टोपात उकडलेले चणे झाकून ठेवले होते. अर्ध्याहून अधिक टोप भरलेला होता.

“हे कुठले चणे?” मी विचारले.

“आज मावशींचा दिवस ना,” आई म्हणाली. “दर वर्षी एकतीस तारीख त्यांचीच असते. त्यांना मेळाव्याचं काही नीट कळलं नव्हतं. त्यांनी चणे उकडले, चटया घातल्या. आम्ही पाच-सहा जणी गेलो. खाणारं पोर एकही नव्हतं, म्हणून उरले.” क्षणभर थांबून ती म्हणाली, “आज पाचही रहस्यं म्हाताऱ्यांनीच सांगितली.”

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी उत्तर दिले असते. माझ्याजवळ सभेचा ठराव होता. मी टोपावरचे झाकण उचलले आणि उभ्या उभ्या ते गार झालेले चणे खाल्ले. मावशींच्या घरी दीडशे रुपये नव्हते, हे मला ठाऊक होते. त्यांच्याकडून वर्गणी घेऊ नये, असे मी यादीपुढे लिहूनही ठेवले होते. त्यांना एक पास नेऊन द्यायला मात्र मी विसरलो होतो. आणि तो दिला असता तरी काय? सभागृहात त्या पाहुण्या म्हणून बसल्या असत्या. क्रूसाजवळ त्या यजमान होत्या.

३१ मे हा पवित्र मरियेने एलिझाबेथला दिलेल्या भेटीचा सण. एक तरुण मुलगी डोंगराळ मुलुखातून चालत जाऊन आपल्या वयस्क नातलग स्त्रीला भेटते आणि म्हातारीच्या उदरातले बाळ आनंदाने उडी मारते. त्या सणाच्या संध्याकाळी आम्ही आमच्या साऱ्या मरियांना एका सभागृहात नेले आणि एलिझाबेथांना क्रूसाजवळ सोडून आलो.

पुढच्या वर्षी मी सभेत उभा राहून माझी सूचना मागे घेतली. रोजची रोझरी पुन्हा सुरू झाली. नोकरदारांसाठी वेळ साडेआठची ठरली. गर्दी पूर्वीइतकी कधीच झाली नाही, हेही कबूल केले पाहिजे. काही संध्याकाळी आम्ही नऊ-दहा जणच असू. परंतु पाच वयांचा नियम आम्ही मोडला नाही. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोझरीला प्रकाशाची पाच रहस्ये जोडली, तेव्हा या नियमाने एक गंमत घडवली. नवी रहस्ये कोणालाच पाठ नव्हती. मुले ती धर्मशिक्षणाच्या वर्गात आधी शिकली आणि आज्या त्यांच्याकडून शिकू लागल्या. माझी धाकटी मुलगी ओट्यावर बसून आपल्या आजीची उजळणी घेत असे. २००३ च्या मे महिन्यातील एका गुरुवारी आईने पहिले रहस्य, प्रभूचा यार्देन नदीतील बाप्तिस्मा, न चुकता सांगितले आणि नातीकडे अशा नजरेने पाहिले, जणू परीक्षेचा निकाल तिच्या हातात होता.

आज आई नाही, मावशीही नाहीत. आळीत चार इमारती उभ्या राहिल्या आहेत. बावखल बुजले. २०२० च्या मे महिन्यात महामारीमुळे क्रूसाजवळ जमता आले नाही. आम्ही घराघरांतून दूरध्वनीवर एकत्र प्रार्थना केली. शब्द सर्वांपर्यंत पोहोचले. चणे मात्र ज्याचे त्यानेच उकडून खाल्ले. प्रार्थना झाल्यावर कोणी कोणाशी काय बोलावे हे कळेना आणि एकेक आवाज बंद होत गेला.

२०२१ पासून पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेनुसार जुलैच्या चौथ्या रविवारी आजी-आजोबांचा आणि वृद्धांचा दिवस पाळला जातो. आमच्या धर्मग्रामात त्या दिवशी वृद्धांना पहिल्या रांगेत बसवून फूल देतात. मीही आता त्या रांगेत बसतो. फूल घेताना बरे वाटते, हे नाकारत नाही. परंतु फूल घेऊन झाले की पुढे करायचे काय? बसून राहायचे. लहान मुलांचेही तसेच. त्यांच्यासाठी खेळ, जादूचे प्रयोग, खाऊ असे पुष्कळ काही आपण आणतो आणि ती बिचारी बसून पाहतात. माणसाला सत्काराहून वाटा अधिक हवा असतो. सुतारकाका आणि मी एका चटईवर आलो, कारण दोघांनाही एकेक रहस्य सांगायचे होते.

‘विनामूल्य’ हा शब्द आता निमंत्रणपत्रिकांवर वाचतो तेव्हा मला मावशींचे चणे आठवतात. त्यांना किंमत नव्हती असे कसे म्हणावे? वाडीतल्या मजुरीतून ते आले होते, आदल्या रात्री भिजले होते, पहाटे चुलीवर चढले होते. ती किंमत खाणाऱ्याकडून कोणी घेत नव्हते, एवढेच. ज्याच्याजवळ पैसा नाही त्यानेही यावे आणि खावे, असे आमंत्रण यशया संदेष्ट्याने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. आमची आळी त्यात एवढीच भर घालत असे : आज खा; तुझा दिवस येईल तेव्हा तूही चणे भिजव.

गेल्या मे महिन्यात इमारतीत राहायला आलेल्या एका कुटुंबाने आपण होऊन एक दिवस मागून घेतला. त्यांना चणे किती भिजवायचे हे ठाऊक नव्हते. माझ्या पत्नीने जाऊन सांगितले. त्या संध्याकाळी आळीतील सर्वांत वृद्ध म्हणून पहिले रहस्य माझ्याकडे आले. बोटांतून मणी सुटला आणि मोजणी चुकली. दहा झाल्या की नऊ, कळेना. मी अकरावी ‘नमो मरिया’ सुरू करणार, तोच शेजारी बसलेल्या त्या घरच्या सात वर्षांच्या मुलीने माझ्या गुडघ्यावर हळूच हात ठेवला आणि आपली दहाही बोटे पसरून दाखवली.

मी थांबलो. प्रार्थना संपल्यावर चणे वाटायचे काम तिच्याकडेच होते. माझ्या पानावर तिने दोन मुठी ठेवल्या.