पोटखराब

सरकारी दप्तराची भाषा रुक्ष असते असा एक सर्वसाधारण समज आहे. आमचा अनुभव थोडा निराळा आहे. सातबाराच्या उताऱ्यावर लागवडीखालील क्षेत्राच्या जोडीनें 'पोटखराब' अशी एक नोंद असते. एखाद्या नंबरांत खडक असेल, ओढा असेल, नांगर चालणार नाहीं अशी जागा असेल, तर तिचें माप त्या नोंदींत पडतें. यांतील 'पोट' हें पोटहिश्श्यांतलें किंवा पोटकलमांतलें पोट आहे, माणसाचें नव्हे, हें आम्हांस आज ठाऊक आहे. परंतु लहानपणीं वडिलांच्या तोंडून हा शब्द प्रथम ऐकला तेव्हां जमिनीचेंही पोट बिघडतें आणि मग तिला घातलेलें कांहीं पचत नाहीं, अशी आमची समजूत झाली होती. पुढें सत्तावीस-अठ्ठावीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवूनही ती समजूत पुरती गेली नाहीं. आणि आतां तर असें वाटूं लागलें आहे कीं ती अगदींच चुकीची नव्हती.

हें सर्व आठवण्यास कारण झालें तें गेल्या वर्षीं श्रावणांत आलेलें एक पत्र. रत्नागिरी जिल्ह्यांत, समुद्रापासून दोन कोसांवर, आमचें गांव आहे. गांवाच्या डोक्यावर सडा आहे. कोंकणाबाहेरच्या वाचकांसाठीं सांगितलें पाहिजे कीं सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा. दूरवर पसरलेला, उघडा, तांबूस-काळा कातळ, आणि त्याच्या भेगांतून व खळग्यांतून वीतभर तांबडी माती. या सड्यावर आमच्या आजोबांची अकरा एकर जमीन आहे. पैकीं नऊ एकर पोटखराब. वडील वारल्यावर तिला वारस म्हणून आमचें नांव लागलें. धाकट्या चुलतभावाचें आधींपासून होतेंच. पत्र त्याचें होतें. कोणी एक गृहस्थ तेथें चिरेखाण काढूं इच्छितात, भाव बरा देतात. 'नाहीं तरी पोटखराबच आहे, दादा. गणपतीला याल तेव्हां सही तेवढी करा,' असा मजकूर होता. आम्हीं 'करतों' म्हणून उत्तर पाठविलें. खरें सांगावयाचें तर त्या उत्तराला आम्हांस पांच मिनिटेंही लागलीं नाहींत.

त्या मातीशीं आमचें सख्य असें कधींच नव्हतें. पुण्यास शिकावयास आलों त्या वर्षीं वसतिगृहाच्या खोलींत आमचे दोन सोबती देशावरचे होते. एक बार्शीकडचा, दुसरा परभणीचा. आमच्या पायजम्यांना खालून चार बोटें गेरूच्या रंगाची किनार असे. ती साबणानें जात नसे आणि सोड्यानेंही जात नसे. 'तुमच्याकडे जमिनीला रंग देतात काय रे?' असें बार्शीकरानें एकदां विचारलें, आणि खोलींत पुष्कळ हंशा झाला. पुढें एका सुटींत त्याच्या घरीं गेलों तेव्हां त्याच्या वडिलांनीं आपलें रान दाखविलें. काळीभोर माती. उन्हाळ्यानें तिला हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडलेल्या. पावसाळा सरल्यावर वरून थेंब पडला नाहीं तरी पोटांत धरून ठेवलेल्या ओलाव्यावर ही जमीन शाळू पिकविते, असें ते सांगत होते. आणि सांगतांना त्यांचा हात बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा त्या ढेकळांवर होता. आमच्याकडे काय पिकतें असें त्यांनीं सौजन्यानें विचारलें. आम्हीं 'आंबा' म्हणालों. भाताची आणि नाचणीची गोष्ट काढलीच नाहीं. गरीब नातलगाची ओळख चारचौघांत टाळावी, त्यांतलाच तो प्रकार होता.

पण तो नातलग किती जवळचा होता हें समजावयास आम्हांस पन्नाशी ओलांडावी लागली. आमच्या टेबलावर कागद दाबण्यासाठीं जांभ्याचा एक तुकडा वर्षानुवर्षें पडलेला आहे. पत्र आलें त्या आठवड्यांत आमच्या महाविद्यालयांतले भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक सहज खोलींत आले होते. त्यांनीं तो उचलला, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या त्याच्या छिद्रांतून बोट फिरविलें आणि म्हणाले, 'हा दगड म्हणून जन्मला नाहीं. हा उरला आहे.' आम्हांस हें वाक्य एखाद्या कवीला शोभेलसें वाटलें. परंतु ते केवळ वस्तुस्थिति सांगत होते.

वस्तुस्थिति अशी. सुमारें ६.६ कोटि वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून शिलारस वाहिला आणि थरावर थर साचून काळा पाषाण झाला. सह्याद्रि त्याचा, देश त्याचा, आणि आमचें कोंकणही बव्हंशीं त्याचेंच. या पाषाणाचा निम्म्याच्या आसपास भाग सिलिकेचा. बाकी लोह, ॲल्युमिनियम, चुना, मॅग्नेशियम, थोडा सोडा आणि थोडें पोटॅश. सह्याद्रीच्या पूर्वेला, बार्शी-सोलापुराकडे, वर्षाला जेमतेम वीस-पंचवीस इंच पाऊस. तेथें पाषाण कुजतो, पण त्यांतला चुना व मॅग्नेशियम वाहून जात नाहीं. त्यांच्या संगतींत ओलाव्यानें फुगणारी आणि सुकल्यावर आकसणारी चिकणमाती तयार होते. बार्शीकराच्या वडिलांची ती काळी. पश्चिमेला चार महिन्यांत शंभर-सव्वाशें इंच पाणी कोसळतें आणि मग आठ महिने ऊन. या पाण्यानें प्रथम सोडा, पोटॅश, चुना, मॅग्नेशियम नेलें. मग लाखों वर्षें खपून सिलिकादेखील विरघळवून नेली. पाण्याला जें नेतां आलें नाहीं तें लोह आणि ॲल्युमिनियम मागें राहिलें. लोहानें हवेंतला प्राणवायु घेतला आणि तें तांबडें झालें. पावसांत विसरलेल्या कोयत्याचें होतें तेंच. जेथें हें सर्व घट्ट बसलें तेथें जांभा, जेथें सुटें राहिलें तेथें तांबडी माती. तिच्याखालीं पांढरट-जांभळट मऊ चिकणमाती, तिच्याखालीं कुजका खडक, आणि अगदीं तळाशीं पुन्हां तीच काळी आई. म्हणजे बार्शीची माती आणि आमची माती या सख्ख्या बहिणी. एक कोरड्या घरीं दिली आणि एक पावसाच्या घरीं.

या दगडाला शास्त्रांत लॅटेराइट म्हणतात. हें नांव फ्रान्सिस बुकानन या कंपनी सरकारच्या डॉक्टरानें दिलें. १८००-१८०१ सालीं म्हैसूर, कानडा व मलबार या मुलखांतून त्यानें प्रवास केला आणि १८०७ सालीं त्याचा वृत्तांत छापला. मलबारांत लोक ही वस्तु जमिनींतून मऊ असतां कापून काढतात व हवेंत ठेवल्यावर ती विटेसारखी टणक होते हें त्यानें पाहिलें, आणि लॅटिन भाषेंतील विटेच्या शब्दावरून नांव घडविलें. आमच्याकडच्या पाथरवटांना हें लॅटिनावांचून माहीत होतें. विजयदुर्गाचा तट जांभ्याचा आहे. जुन्या गोव्यांतील मोठमोठीं देवळें आंतून जांभ्याचीं आणि वरून चुन्याचीं आहेत. तेथील बॉम जेझू देवालयाचा गिलावा १९५० नंतरच्या दशकांत, दगडाचें मूळ रूप दिसावें म्हणून, खरवडून काढण्यांत आला. आणि तेव्हांपासून तो उघडा जांभा पावसाचा मार खात आहे. ज्या पावसानें त्याला घडविलें त्याच्यापासून त्याला जपावें लागतें, हें तरी त्या हौशी लोकांनीं एखाद्या कोंकणी गवंड्याला विचारावयाचें होतें.

हें ऐकत असतां आम्हांस वडिलांची आठवण झाली. वडील शाळामास्तर. निवृत्त झाल्यावर सड्याच्या उतारावर दोन एकर वरकस जमीन होती ती शास्त्रीय पद्धतीनें करून दाखवावयाची असें त्यांनीं ठरविलें. शहरांतून सुपर फॉस्फेटचीं पोतीं आणविलीं आणि पुस्तकांतल्या प्रमाणानें घातलीं. नाचणी होती तशीच राहिली. दुसऱ्या वर्षीं दुप्पट घातलें. नाचणीला त्याचा पत्ताही लागला नाहीं. दुकानदार भेसळ करतो असें वडिलांचें ठाम मत झालें आणि तें त्यांनीं अखेरपर्यंत बदललें नाहीं. आमच्या घरच्या म्हाताऱ्या गड्याचें म्हणणें निराळें होतें. पालापाचोळा आणि कवळें टाकून आधीं राब भाजावा, या जमिनीला राखेवांचून कांहीं लागत नाहीं, असें तो म्हणे. वडील त्यावर हंसत, आणि आम्ही बी. ए. झालेले होतों तेव्हां आम्हीही हंसत असूं. आतां आमचे प्राध्यापकमित्र सांगतात कीं या मातींतलें लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला असें कवटाळून बसतात कीं तें मुळांच्या हातीं लागत नाहीं. माती आंबट असल्यानें ही मिठी अधिकच घट्ट होते. राखेंतल्या चुन्यानें व पोटॅशनें हा आंबटपणा कांहीं अंशीं मोडतो. राबापायीं झाडें ओरबाडलीं जातात हा वडिलांचा आक्षेप खोटा नव्हता. पण दुकानदार मात्र निर्दोष होता. त्याची क्षमा मागावी, तर तोही आतां हयात नाहीं.

गणपतीला गांवीं गेलों. गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीं सही ठरली होती. आदल्या दिवशीं हद्दी पाहून याव्यात म्हणून त्याच गड्याला घेऊन सड्यावर चढलों. त्याचें वय ऐंशीच्या पुढें, पण पाखाडीवर आमच्याच छातींत दम भरत होता. वर पोंचलों आणि क्षणभर चूक जागीं आलों असें वाटलें. आम्हीं सडा पाहिला होता तो बहुधा मे महिन्यांतल्या सुटींतला, भाजलेल्या तव्यासारखा. भाद्रपदांतला सडा चाळीस वर्षांत पाहिलाच नव्हता. खळग्याखळग्यांत पाणी, त्यावर निळीं-जांभळीं इवलीं फुलें, मध्येंच पांढऱ्या गेंदांचे ताटवे. निळ्या फुलांना सीतेचीं आसवें म्हणतात. इतकें करुण नांव मिळालेली ही वनस्पति स्वभावानें मात्र शिकारी आहे; तिच्या तळाशीं बारीक फुगे असतात आणि पाण्यांतले सूक्ष्म जीव त्यांत ओढून ती जिरविते. शेजारींच दवबिंदु नांवाची दुसरी, चिकट थेंबांवर चिलटें धरणारी. पावसानें धुऊन नेलेल्या या मातींत नत्र मिळत नाहीं, म्हणून त्यांनीं हा मार्ग काढला. ज्या नऊ एकरांचें पोट खराब म्हणून दप्तरांत नोंद आहे तेथें कित्येक पोटें अशा रीतीनें भरत होतीं.

सड्याला कोरी पाटी समजणारे लोकही होऊन गेले आहेत. राजापूर तालुक्यांत कशेळीच्या सड्यावर कातळांत कोरलेला सुमारें १८ मीटर लांबीचा हत्ती आहे, आणि त्याच्या अंगांत इतर पशुपक्षी कोरले आहेत. बारसू, उक्षी येथेंही अशीं चित्रें आहेत; २०२२ सालीं कोंकणांतील या कातळशिल्पांचा समावेश जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत झाला. आमच्या अकरा एकरांत असें कांहीं नाहीं. आम्हीं लोभानें शोधलें, हें कबूल केलें पाहिजे.

गडी मात्र हद्दीचे दगड दाखवीत पुढें चालला होता. एका भेगेपाशीं थांबून तो म्हणाला, 'धाकटे मास्तर, हें पाणी जातें कुठें, सांगा.' सड्यावरचा सगळा ओघ त्या भेगेंत शिरून दिसेनासा होत होता. आम्हांस सांगतां आलें नाहीं. तो आम्हांस उतारावरून खालीं घेऊन आला. जेथें जांभा संपतो आणि ती पांढरट माती सुरू होते, तेथें झरा आहे. लहानपणीं आम्ही त्याचें पाणी ओंजळीनें प्यालेलों आहों, पण तो तेथेंच कां, हें कधीं मनांत आलें नाहीं. वरचा सच्छिद्र जांभा पाणी पितो, खालची चिकणमाती त्याला अडविते, आणि तें या फटीनें बाहेर येतें. चैत्रापर्यंत येत राहतें. आमची विहीर या झऱ्याच्या खालच्या अंगाला आहे. खालच्या वाडींतल्या चाळीस घरांची नळयोजनाही त्याच ओळींत आहे. 'पलीकडच्या वाडीवर चिरेखाण झाली,' गडी म्हणाला, 'त्यांचा झरा वैशाखापर्यंत चाले. आतां माघांत बाया खालीं नदीवर जातात.' त्यापुढें तो कांहीं बोलला नाहीं.

रात्रीं पडवींत आम्हीं भावाला सही करणार नाहीं असें सांगितलें, आणि झऱ्याची हकीकत सांगितली. त्याला ती ठाऊक होती. 'दादा, तुम्हांला सड्यावरचीं फुलें दिसतात,' तो शांतपणें म्हणाला. 'मला हप्ता दिसतो.' त्याची मुलगी रत्नागिरीस शिकते. अवकाळी पावसानें दोन वर्षें आंब्याचा मोहोर गेला आहे. पुण्यांत नळाचें पाणी पिणाऱ्या माणसानें त्याला पाण्याचें महत्त्व शिकवावें, हें त्याला बोचलें असेल. तसें तो म्हणाला मात्र नाहीं. तो म्हणाला, 'आणि आपलें हें घर कशाचें आहे? हे चिरे कुठून आले?' परसांत मोठा खळगा आहे. आजोबांनीं घराचे चिरे तेथूनच काढले, आणि आतां पावसाळ्यांत त्यांत म्हशी बसतात. आम्हांस उत्तर नव्हतें. एका घरापुरते चिरे आणि नऊ एकर, हा फरक आहे. पण ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे त्याच्यापुढें हा फरक मांडतांना आमचाच आवाज आम्हांस परका वाटला.

पुष्कळ वेळ कोणी बोललें नाहीं. मग आम्हीं म्हणालों कीं उतारावरच्या हापूस कलमांतला आमचा हिस्सा तुझ्या नांवें करून देतों, सड्यावरचा तुझा हिस्सा तूं आमच्या नांवें कर. त्यानें वर पाहिलें. 'सड्याचें तुम्ही करणार काय?'

'कांहीं नाहीं,' आम्हीं म्हणालों.

त्या दिवशीं तो प्रथमच हंसला.

मार्गशीर्षांत त्याचा निरोप आला. अदलाबदलीचे कागद तलाठ्याकडे दिले आहेत; वेळ लागेल. त्या गृहस्थांनीं आमचा नाद सोडून लगतचा गट घेतला. तेथें चुन्याच्या रेघा पडल्या, कापणीचें यंत्र आलें. संध्याकाळपर्यंत त्याचा आवाज घरांत ऐकूं येतो. कलमांना यंदा मोहोर बरा आहे. झरा अजून वाहतो आहे.