खांद्याला मानवणारी बंदूक

शासकीय सेवेतली माझी बरीच वर्षे चंबळच्या परिसरात गेली. भिंड, मुरैना, शिवपुरी या भागात काम केलेल्या कोणत्याही उपविभागीय अधिकाऱ्याला विचारावे. जमिनीच्या वादांखालोखाल त्याच्या मेजावर गर्दी असते ती शस्त्रपरवान्यांच्या अर्जांची. अर्जात कारण एकच लिहिलेले असायचे, आत्मसंरक्षण. खरे कारण बहुधा अर्जाबाहेर असे. खांद्यावर दुनाली नसेल तर वरातीत मान नाही, पंचायतीत वजन नाही, आणि मुलाच्या सोयरिकीतही चार गोष्टी कमी पडतात. २००८ साली शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषाला बंदुकीच्या परवान्यात प्राधान्य देण्याची योजना निघाली आणि त्यानंतर शस्त्रक्रियांचे आकडे वाढले. ही बातमी तेव्हा परदेशातही झळकली होती. त्या मातीला बंदुकीची किती ओढ आहे हे सांगायला याहून वेगळा पुरावा नको.

आमच्या घराला मात्र ती ओढ कधी लागली नाही. पूर्वज शिंद्यांच्या दप्तरात कारकून होते. लष्करातल्या आमच्या जुन्या वाड्यात खंडेनवमीला दौत-लेखणी, वह्या आणि स्वयंपाकघरातली विळी यांचीच पूजा होई. निवडणुका आल्या की शेकडो बंदुका ठाण्यात जमा करून घेण्याचे हुकूम मी काढले, पण स्वतःच्या नावावर परवाना घ्यावा असे कधी मनात आले नाही. अशा माणसाला निवृत्तीनंतर, साता समुद्रांपलीकडे, नातवाची पहिली बंदूक कोणती असावी या खलबतात बसावे लागले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची कन्या आणि जावई बरीच वर्षे अमेरिकेत मिनेसोटा राज्यात आहेत. २०२५ च्या जुलैअखेर आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो. नातू चौदा वर्षांचा, अंगाने किरकोळ, चष्मा लावणारा, फारसा मैदानी नसलेला मुलगा. त्याच्या शाळेचा ‘क्ले टार्गेट’चा, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या छर्ऱ्यांनी फोडण्याचा संघ आहे आणि त्यात त्याला जायचे होते. तिकडे हा खेळ शाळकरी मुलांत चांगलाच रुजलेला आहे. २००१ साली याच राज्यात त्याची हायस्कूल लीग सुरू झाली. तिची राज्यस्पर्धा जून महिन्यात अलेक्झांड्रिया गावच्या मैदानावर अनेक दिवस चालते. शाळेच्या आवारात बंदूक येत नाही. सारा सराव गावाबाहेरच्या मैदानावर होतो. त्याआधी मुलाला शस्त्रसुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा करून प्रमाणपत्र मिळवावे लागते.

खेळ पाहायला सोपा आहे. अर्धवट जमिनीत गाडलेल्या खोपट्यातून एक यंत्र नारिंगी तबकडी हवेत फेकते. तिचा व्यास सुमारे अकरा सेंटिमीटर. नाव मातीचे असले तरी ती डांबरी राळ आणि चुनखडीची भुकटी यांची बनवलेली असते. पाच मुले खोपट्यामागे सोळा यार्डांवर पाच जागी उभी राहतात. प्रत्येक जागेवरून पाच, अशा पंचवीस तबकड्या प्रत्येकाच्या वाट्याला येतात. पूर्वी या जागी जिवंत कबुतरे सोडत. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही तशी स्पर्धा झाली होती. पुढे माणसाला शहाणपण सुचले आणि कबुतराच्या जागी तबकडी आली.

आपल्याकडेही या खेळाला परंपरा आहे, हे मी नातवाला सांगितले. बिकानेरचे महाराजा कर्णीसिंह यांनी १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅप प्रकारात रौप्यपदक मिळवले, तर राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये. पण त्याला अधिक भावली ती भोपाळच्या मनीषा कीरची गोष्ट. भोपाळच्या मोठ्या तलावात मासेमारी करणाऱ्या कुटुंबातली ही मुलगी २००७ साली स्थापन झालेल्या आमच्या राज्याच्या नेमबाजी अकादमीत शिकली आणि २०१८ साली कोरियात चांगवॉनच्या जागतिक स्पर्धेत कनिष्ठ गटात ट्रॅपचे रौप्यपदक घेऊन आली. ‘तिच्याकडे स्वतःची बंदूक होती का?’ एवढाच त्याचा प्रश्न होता.

घरात याच गोष्टीवरून ताण होता. २७ ऑगस्ट २०२५ रोजी मिनियापोलिसमध्ये एका शाळेची मुले चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेली असताना बाहेरून गोळीबार झाला आणि दोन लहान मुले दगावली. आमच्या घरापासून ते ठिकाण मोटारीने अर्ध्या तासावर. त्या आठवड्यात कन्येने मुलाच्या खेळाचा विषय काढू दिला नाही. आणि तो निघाला तेव्हा जावयांच्या तोंडून ‘सेमी ऑटोमॅटिक’ हा शब्द आला. ती ताटावरून उठली. ‘बाबा, तुम्ही आयुष्यभर लोकांच्या बंदुका जमा केल्यात. आता तुम्हीच याला समजवा,’ एवढे बोलून ती आत गेली.

तो शब्द माझ्याही ओळखीचा होता आणि चांगल्या ओळखीचा नव्हता. आपल्या १९६२ च्या शस्त्र नियमांच्या परिशिष्टात सेमी ऑटोमॅटिक शस्त्रे निर्बंधित वर्गात होती. त्यांचा परवाना देणे जिल्हादंडाधिकाऱ्याच्याही अधिकाराबाहेरचे, केंद्र सरकारच्या अखत्यारीतले. त्यामुळे माझी पहिली प्रतिक्रिया कन्येपेक्षा वेगळी नव्हती. पण फाइल वाचल्याशिवाय शेरा मारायचा नाही ही सवय जुनी. मी जावयांबरोबर मैदानावर जाऊ लागलो.

तेथे एक कायदा माझ्याही आड आला. शिकारीचा परवाना वगैरे काही अपवाद सोडले, तर पर्यटक व्हिसावर आलेल्या परकीयाला त्या देशात बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. म्हणून मी काहीही हाती न घेता मागच्या बाकावर बसून पाहत असे. पाहण्याचा फायदा असा की माझे लक्ष बंदुकीपेक्षा मुलांच्या खांद्यांकडे गेले.

सेमी ऑटोमॅटिक म्हणजे चाप एकदा ओढला की एकच बार निघतो. रिकामे काडतूस बाहेर टाकून पुढचे नळीत भरण्याचे काम बंदूक स्वतः करते. भीती आहे ती या लागोपाठच्या बारांची, आणि ती अनाठायी नाही. परंतु या खेळात एका तबकडीवर एकच बार असतो. मुलगा आपली पाळी आली की एकच काडतूस भरतो, तबकडी मागतो, बार काढतो आणि बंदूक पुन्हा रिकामी होते. म्हणजे ज्या गुणासाठी या बंदुकीचे नाव झाले, तो गुण इथे वापरायचाच नाही. मग ती घ्यायची कशाला?

उत्तर खांद्यात होते. संघाच्या मार्गदर्शकांनी नातवाला तीन बंदुका चालवून पाहू दिल्या. पहिली पंपाची, म्हणजे प्रत्येक बारानंतर हाताने दांडा मागेपुढे करायची. ती स्वस्त आणि दणकट, पण सगळा धक्का थेट खांद्यावर देणारी. पंचवीस बारांनंतर त्याचा खांदा लाल झाला होता, आणि शेवटच्या सात-आठ बारांना चाप ओढण्याआधीच त्याचे डोळे मिटू लागले होते. मार्गदर्शक म्हणाले, ‘बिचकण्याची ही खोड एकदा लागली की सुटायला वर्ष जाते.’ लीगमध्ये आठवड्याला पन्नास तबकड्या फोडायच्या असतात, तेव्हा हे दुर्लक्ष करण्याजोगे नव्हते.

उरलेल्या दोन्ही सेमी ऑटोमॅटिक होत्या, पण वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या. एकीत बार होताच बंदूक मागे येते, आतला जड बोल्ट जडत्वामुळे जागीच राहू पाहतो, त्यामुळे मधली स्प्रिंग दाबली जाते आणि तीच पुढे यंत्रणा चालवते. ही बंदूक हलकी, आतून स्वच्छ राहणारी. पण हलकी म्हणूनच धक्का अधिक जाणवतो आणि अगदी सौम्य काडतुसांवर कधी कधी नीट चालत नाही. दुसरीत दारूच्या जळण्याने झालेला थोडा वायू नळीच्या बारीक छिद्रांतून काढून दट्ट्यावर सोडतात आणि तो बोल्टला मागे ढकलतो. यात धक्का नाहीसा होत नाही, पण तो एका ठोशात न येता लांबतो. क्रिकेटमध्ये वेगवान चेंडू झेलताना आपण हात मागे नेतो, तसाच हा प्रकार. याची किंमत म्हणजे काजळी. प्रत्येक सरावानंतर ही बंदूक उघडून पुसावी लागते.

या तिसऱ्या बंदुकीवर नातवाने पंचवीसपैकी अकरा तबकड्या फोडल्या. आकडा मोठा नव्हे. पण शेवटच्या पाचांतल्या तीन त्यात होत्या, म्हणजे डोळे उघडे होते.

त्यानंतर उरले ते मापाचे काम, आणि मला वाटते नवख्याने ब्रँडपेक्षा याच कामाला अधिक वेळ द्यावा. आधी कोणता डोळा प्रधान आहे ते पाहायचे. दोन्ही तळव्यांच्या फटीतून लांबची खूण पाहावी, मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला खूण दिसत राहते तो प्रधान, आणि बंदूक त्याच बाजूच्या खांद्याला लावावी. नातवाचा उजवा निघाला. मग दस्त्याची लांबी. मुलाचा हात आखूड असतो आणि तो वाढत जाणार, म्हणून पट्ट्या घालून लांबी बदलता येईल असा दस्ता हवा. दस्त्याच्या वरच्या कडेवर गाल टेकतो. ती कड खाली असली तर डोळा नळीच्या रेषेत येत नाही आणि बार तबकडीखालून जातो. वजन साडेतीन किलोच्या आसपास असावे. जड बंदूक धक्का पोटात घालते, पण पन्नासाव्या तबकडीपर्यंत ती हातांना पेलायला हवी. लहान मुलाला वीस बोअरची हलकी बंदूक द्यावी असा एक समज आहे. पण बारा बोअरची थोडी जड, वायूवर चालणारी बंदूक आणि तिच्यात चोवीस ग्रॅम छर्ऱ्यांचे सौम्य काडतूस ही जोडी खांद्याला अधिक मानवते. मात्र ते काडतूस त्या बंदुकीत नीट चालते ना, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे.

एकावर एक नळ्या असलेली दुनाली मला स्वतःला आवडली. ती मोडून हातावर टाकली की रिकामी असल्याचे लांबूनही दिसते. सेमी ऑटोमॅटिकचे तसे नसते. बोल्ट उघडा ठेवावा लागतो आणि नळीच्या मुळाशी रंगीत खूण अडकवावी लागते. शिवाय तिची रिकामी काडतुसे उजवीकडे उडतात. ती शेजारच्या मुलाला लागू नयेत म्हणून अडवणी बसवावी लागते. पण चांगली दुनाली सहज दुप्पट-तिप्पट किमतीची, आणि एकदोन वर्षांत माप बदलणाऱ्या मुलासाठी तेवढा खर्च जावयांना परवडणारा नव्हता. शेवटी एका दुकानात जुनी रेमिंग्टन ११०० मिळाली. हे मॉडेल १९६३ साली बाजारात आले आणि वायूवर चालणाऱ्या बंदुकांत त्याचे नाव आहे. आतले झिजलेले रबरी कडे बदलून घेतले, दस्ता आखूड करून घेतला. अठरा वर्षांखालच्या मुलाला दुकानदार बंदूक विकू शकत नाही. म्हणून ती जावयांच्या नावावर घेतली. त्यांनी अर्ज भरला, संगणकावरून त्यांची पूर्वपीठिका तपासली गेली आणि चहा निवेल इतक्या वेळात होकार आला. पोलीस अहवाल, तहसील अहवाल आणि वर्षभराचे हेलपाटे पाहिलेल्या माझ्यासारख्याला हा वेग मुळीच सुखावणारा नव्हता. कन्येची भीती मला त्या काउंटरपाशी नीट कळली.

आणि म्हणून खरा परवाना तिने द्यावा असे मी जावयांना सुचवले. बंदूक आणण्यापूर्वी आम्ही सगळे दिवाणखान्यात बसलो. मी कोणाचीही वकिली केली नाही. काय पाहिले ते क्रमाने सांगितले, दुकानातल्या वेगासकट. तिने बराच वेळ ऐकले आणि तीन अटी घातल्या. बंदूक पोलादी कपाटात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या तिच्याजवळ. वडील बरोबर असल्याशिवाय बंदूक कपाटाबाहेर निघणार नाही. आणि बंदुकीसह फोटो काढून तो कुठेही टाकायचा नाही.

पहिल्या दोन अटी नातवाने लगेच मान्य केल्या. तिसरीवर तो अडला. ‘संघाच्या फोटोत सगळ्यांच्या हातात असते, आई.’ तिने थोडा विचार केला. ‘संघाबरोबर चालेल, बोल्ट उघडा ठेवून. एकट्याचा नाही.’

ही तिसरी अट ऐकून मला चंबळ आठवले. आमच्याकडे बंदूक निवडली जायची ती पाहणाऱ्याच्या नजरेसाठी; तिचा धक्का खांद्याला किती बसतो हे अर्जदाराने कधी विचारले नाही, कारण ती चालवण्यापेक्षा दिसण्यासाठी अधिक होती. माझ्या कन्येने नेमका तो धागा तोडला होता, आणि तोही असले अर्ज कधीही न वाचता. तिची भीती गेली नाही. जाऊही नये. ज्या घरात बंदूक असते, त्या घरात एका तरी माणसाने तिला घाबरत राहावे, असे माझे नोकरीतल्या अनुभवाचे मत आहे.

जानेवारीत आम्ही ग्वाल्हेरला परतलो. नातू दर रविवारी फोनवर आपले आकडे सांगतो. बंदूक पुसल्यावर कपाटाला कुलूप लावून किल्ली आईच्या हाती दिली का, हे मी आधी विचारतो, तबकड्या नंतर.