दंडोबाच्या गाभाऱ्यातला उजेड : वास्तूचे 'हुबेहूब' चित्र आणि सॉफ्टवेअरची निवड

#धागा

१/ कवठे महांकाळ आणि मिरज या दोन तालुक्यांच्या सीमेवर दंडोबाचा डोंगर आहे. डोंगराच्या पोटात कोरलेले शिवालय आणि गाभाऱ्याभोवती खडकातूनच काढलेला प्रदक्षिणामार्ग. बाहेरचे ऊन दाराशीच थबकते. हे शिवालय काही शतकांपूर्वी कसे दिसत असेल, याचे हुबेहूब चित्र संगणकावर करायचे, तर सॉफ्टवेअर कोणते निवडावे? प्रश्न तांत्रिक वाटतो. त्याचे मूळ मात्र इतिहासलेखनात आहे.

२/ महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यातील इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या पदरी गंगाराम तांबट हा चित्रकार होता. मॅलेटसाठी त्याने वेरूळची लेणी रेखाटली. डोंगरात कोरलेली वास्तू सपाट कागदावर कशी उतरवावी, हीच त्याचीही अडचण होती. त्याची रेखाटने आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

३/ त्याच सुमारास, १७९१ मध्ये, जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मुंबईत आला आणि पुढे पुण्यात पोहोचला. त्याच्याबरोबर यथार्थदर्शनाचे आणि छायाप्रकाशाचे युरोपीय तंत्र आले. तोही वेरूळला गेला. १७९५ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच्या चित्रांवरून केलेली वेरूळची मुद्राचित्रे टॉमस डॅनियलने १८०३ मध्ये इंग्लंडात प्रसिद्ध केली.

४/ याच दोघांच्या हातून एक प्रसिद्ध चित्र घडले : सवाई माधवरावांच्या दरबारात मॅलेट १७९० चा तह करतो आहे. प्रसंग १७९० चा; वेल्स हिंदुस्थानात आला १७९१ मध्ये; चित्र पूर्ण केले डॅनियलने, १८०५ मध्ये. म्हणजे वेल्स किंवा डॅनियल, दोघांपैकी एकानेही तो प्रसंग डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. तरीही चित्र इतके जिवंत की पाहणाऱ्याला ते साक्षीदाराचेच वाटते.

५/ पुढे फेब्रुवारी १८२८ मध्ये शनिवारवाडा आगीत भस्मसात झाला. मूळ दालने गेल्यावर चित्रच त्यांची आठवण होऊन बसले. हुबेहूब चित्राची ताकद आणि धोका एकाच ठिकाणी आहेत. लेखात 'असावे' लिहिता येते, 'बहुधा' लिहिता येते. चित्रात खांब एक तर असतो किंवा नसतो. सॉफ्टवेअर निवडताना इतिहासाच्या अभ्यासकाने हे प्रथम ध्यानात घ्यावे.

६/ आता संगणकाकडे. वस्तूवरची चमक कशी दाखवावी, याची सुटसुटीत रीत बुइ-तुओंग फाँग यांनी १९७५ मध्ये मांडली. १९८० मध्ये टर्नर व्हिटेड यांनी किरणांचा माग काढून आरसे आणि काच साकारली. १९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी एकच समीकरण दिले : एखाद्या बिंदूतून डोळ्याकडे येणारा प्रकाश म्हणजे त्याचा स्वतःचा प्रकाश, अधिक सर्व दिशांनी त्यावर पडून परावर्तित झालेला प्रकाश. आजची वास्तुचित्रणाची सॉफ्टवेअरे हेच समीकरण आपापल्या परीने सोडवतात.

७/ त्यांची ढोबळ दोन घराणी. व्ही-रे, कोरोना आणि ब्लेंडरमधील सायकल्स ही 'पाथ ट्रेसिंग' करणारी, म्हणजे प्रकाशाच्या असंख्य वाटा शोधून सरासरी काढणारी. लुमियन, ट्विनमोशन, ब्लेंडरमधील ईव्ही आणि अनरियल इंजिन ही तत्काळ चित्र दाखवणारी. वेगासाठी ती काही ठिकाणी अंदाज वापरतात. अलीकडे ही सीमारेषा पुसट होत चालली आहे. अनरियलमध्ये पाथ ट्रेसिंगचीही सोय आहे. तरी निवडीसाठी हा भेद उपयोगी पडतो.

८/ मोठ्या खिडक्यांच्या बंगल्याचे चित्र असेल, तर दोन्ही घराणी सारखीच शोभतात. दंडोबासारखी कोरीव वास्तू मात्र खरी कसोटी पाहते. थेट सूर्यप्रकाश दाराजवळच. आत जे काही दिसते, ते भिंतींवरून आणि जमिनीवरून उसळून आलेल्या उजेडात. हा उसळलेला उजेड जिथे अंदाजाने भरला जातो, तिथे प्रदक्षिणामार्गाचा मागचा भाग नको तितका उजळ होतो, किंवा पार काळा पडतो.

९/ पाथ ट्रेसिंगची किंमत वेळेत मोजावी लागते. अंधाऱ्या दालनात प्रकाशाच्या फार थोड्या वाटा दारापर्यंत पोहोचतात. म्हणून चित्रात वाळू सांडल्यासारखे ठिपके उरतात. ते पुसणारी डिनॉइझर नावाची सोय असते. ती जपून वापरावी. ठिपक्यांबरोबर ती टाकीचे बारीक घावही गुळगुळीत करू शकते. दगड कोणत्या हत्याराने आणि कोणत्या दिशेने तासला, हे सांगणारी खूणच मग चित्रातून जाते.

१०/ पैशाचा आणि टिकाऊपणाचा विचारही हवा. ब्लेंडर तयार करणारी कंपनी बंद पडली, तेव्हा २००२ मध्ये जगभरच्या लोकांनी १ लाख युरो जमवून त्याचा स्रोत खुला करून घेतला. तेव्हापासून ते सर्वांना मोफत आहे. परवाना संपला की भाड्याचे सॉफ्टवेअर बंद होते आणि आपलेच काम आपल्याला उघडता येत नाही. वीस वर्षांनी कोणी ते चित्र तपासू पाहिले, तर मूळ फाइल उघडायला हवी. न उघडणारी फाइल म्हणजे कुलूपबंद दप्तर.

११/ आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. काळा पाषाण पडलेल्या प्रकाशापैकी समजा १० टक्के परत फेकतो; ताजा चुना ८० टक्के. तीन वेळा उसळल्यावर पाषाणाच्या दालनात मूळ प्रकाशाचा हजारावा भाग उरतो, चुन्याच्या दालनात निम्म्याहून किंचित अधिक. म्हणजे गाभारा काळोखा होता की उजळ, हे सॉफ्टवेअर ठरवत नाही. भिंतीला चुना होता का, आणि दिव्यांच्या काजळीने तो किती काळवंडला होता, हे प्रश्न ठरवतात.

१२/ त्यांची उत्तरे संगणकात नाहीत. ती कोपऱ्यात चिकटून राहिलेल्या गिलाव्यात आहेत, खांबाच्या खोबणीत आहेत. काही गोष्टी मात्र नेमक्या मिळतात. कवठे महांकाळ सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. दाराची दिशा होकायंत्राने मोजली की कोणत्या तिथीला, कोणत्या वेळी ऊन कुठवर येईल, हे गणिताने काढता येते. तेलाच्या दिव्याचा पिवळसर तांबूस रंगही आकड्यात मांडता येतो. जे मोजता येते ते मोजावे. उरलेल्यावर 'तर्क' अशी खूण करावी.

१३/ अशा चित्रांसाठी 'लंडन चार्टर' नावाची तत्त्वे आहेत. २००९ ची आवृत्ती प्रचलित आहे. त्यांचा गाभा साधा : पुरावा कोणता, तर्क कोणता आणि निर्णय का घेतला, हे चित्रासोबत नोंदवावे. दंडोबाच्या बाबतीत एकाच सुंदर चित्राऐवजी तीन चित्रे द्यावीत : उघड्या पाषाणाचे, चुन्याचे, आणि ज्याचा पुरावा नाही ते भाग साध्या राखाडी रंगात ठेवलेले. तिसरे चित्र कदाचित सर्वांत कमी पसंतीस उतरेल. अभ्यासकाच्या उपयोगी तेच पडेल.

१४/ तेव्हा निवड अशी. आतल्या दालनासाठी ब्लेंडर आणि सायकल्स. कॅमेऱ्याची जागा ठरवण्यापुरते ईव्ही. वास्तुविशारदाच्या कार्यालयात व्ही-रे आधीच असेल, तर तेही तितकेच विश्वासार्ह. डोंगर, झाडी, अग्रणी नदीचे खोरे असे बाहेरचे विस्तीर्ण दृश्य हवे असेल, तर लुमियन किंवा ट्विनमोशन. पाहणाऱ्याला आत फिरवायचे असेल, तर अनरियल. ही क्रमवारी झगमगाटाची नाही. 'हे असे का दाखवले?' या प्रश्नाला उत्तर देण्याच्या सोयीची आहे.

१५/ गावोगावची जुनी देवळे आज जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइलपेंटने रंगवली जातात, त्यांच्या भिंतींना टाइल्स बसतात. भक्ती खरी असते, हेतूही चांगला असतो. पण गिलाव्याचा शेवटचा तुकडा त्याखाली जातो. हाती मोबाइल आहे, त्याने प्रत्येक भिंतीचे, प्रत्येक कोपऱ्याचे छायाचित्र घ्यावे. फोटोत एक मोजपट्टी ठेवावी, तारीख लिहावी. सॉफ्टवेअर पुढच्या वर्षी बदलता येईल. रंगाखाली गेलेला चुना कोणतेही सॉफ्टवेअर परत आणणार नाही.