मातीचे पैसे

आमच्या हसनाबादकडं म्हाताऱ्या बाया मातीचे पैसे वेगळे ठेवतात. कुणाचे लुगड्याच्या गाठीत, कुणाचे धान्याच्या डब्यात. आपल्या मागं कुणाला उसनवारी करायला लागू नये, एवढाच हेतू. कापड, मडकं, गोवऱ्या, दहावं, सगळा हिशोब त्यांच्या तोंडावर असतो.

शेजारच्या एका गावात आमच्या नात्यातली एक आजी होती. मूलबाळ नाही. कापूस वेचून, खुरपायला जाऊन तिनं पाच हजार रुपये जमवले आन् जवळच्याच एकाच्या हातात दिले. "माझी माती नीट करा बाबा," एवढंच म्हणली. चिठ्ठी नाही, साक्षीदार नाही. आजी गेली भर श्रावणात. पैशाचं विचारलं तर तो म्हणला, "ते तिच्या दवापाण्यालाच गेले." खरं-खोटं करायला आजी कुठं होती? मग लोकांनीच वर्गणी केली. घरटी लाकूड आलं, गोवऱ्या आल्या. पण मसनवट्यात शेड नव्हतं. वरून धार लागलेली. चार पोरांनी चारी बाजूंनी पत्रे धरले, तवा कुठं सरण पेटलं.

आता शहरात माणूस जित्तेपणीच कंपनीकडं पैसे भरून आपल्या अंत्यविधीची सोय करून ठेवतो. अमेरिकेत हा धंदा जुना. तिथं 1984 पासून दुकानदाराला एकेका गोष्टीच्या भावाचा कागद गिऱ्हाईकाच्या हातात द्यावा लागतो. बऱ्याच राज्यांत आगाऊ घेतलेला पैसा वेगळा ठेवायचं बंधन आहे, कारण ज्याचा पैसा तो भांडायला परत येत नाही. आजीची गोष्ट याहून वेगळी आहे का?

पैसा नीट राहिला तरी जागा लागतेच, आन् ती कुणी एकट्यानं विकत घ्यायची गोष्ट नाही. आपल्याकडं 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यात दहन-दफनभूमीची देखभाल पंचायतीच्या कामांत लिहिलेली आहे. जनसुविधेच्या अनुदानातून शेड होतं, रस्ता होतो. पण मागितल्याशिवाय काही मिळत नाही. रस्त्यावर, विजेवर माणूस तावातावानं बोलतो. मसनवट्याचं नाव काढायला मात्र जीभ रेटत नाही. अशुभ वाटतं.

म्हणून मी दोन गोष्टी धरल्यात. कुणी म्हातारी पैसे ठेवायला आली तर मी हातात घेत नाही. तिला पोस्टात नेतो, तिच्याच नावानं खातं काढून देतो, वारस लावायला सांगतो आन् दोन शहाण्या माणसांच्या कानावर घालतो. दुसरी गोष्ट, कोणत्याही गावात पाव्हणा म्हणून गेलो तरी शेडाचं विचारतो. नसलं तर म्हणतो, ग्रामसभेत लेखी द्या.

एकदा एक जण हसला. "काका, तुम्हाला लई घाई झाली का?"

म्हणलं, "मला घाई नाही बाबा. पण पाऊस काही विचारून येत नाही."